बसमावशीचा घसा

फाटक उघडलं होतं. मालगाडी केव्हाच पुढे गेली होती, लाल दिवा विझला होता, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला होता, आणि शाळेची बस काही जागची हलत नव्हती.

"मावशी, फाटक उघडलं," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

मुलीने उठून मावशीच्या खांद्याला हात लावला, तशी मावशी दचकली. तिचा पाय ब्रेकवरून निसटला आणि बसने पुढे हिसका खाल्ला. मुलं खिदळली. मावशीने मुद्दाम गंमत केली असंच त्यांना वाटलं.

मावशीला मात्र दरदरून घाम फुटला होता. ती विचारात हरवली नव्हती, की रुळांकडे बघत बसली नव्हती. ती झोपली होती. भर सकाळी, बसभर लेकरं मागे बसलेली असताना, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती गाढ झोपली होती.

बाई चाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, आणि आवाजाने अंगाहून भरलेली. बरीच वर्षं शाळेची बस चालवत होती. मुलं तिला बसमावशी म्हणत, मग पालकही तेच म्हणू लागले, आणि खरं नाव फक्त लायसन्सवर उरलं. आरशात न बघता ती ओरडायची, "खिडकीवाल्या, हात आत!" आणि बसमधल्या सगळ्याच खिडकीवाल्यांचे हात आत जायचे. अरुंद गल्लीत उलटी बस घेताना तिने कधी कोणाला खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" करायला लावलं नाही. तिच्या बसला इतक्या वर्षांत साधा ओरखडा गेला नव्हता आणि त्याचा तिला बऱ्यापैकी गर्व होता.

घरी मात्र तिला दुसरंच नाव होतं. इंजिन. धाकट्या नणंदेने ठेवलेलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एकदा सकाळी चहाच्या वेळी नणंद सगळ्यांसमोर म्हणाली होती, "वहिनी, रात्री तुझं इंजिन आमच्या खोलीतून गेलं गं!" घर हसलं, तीही हसली. काय करणार? नवरा घोरला तर दिवसभर राबून आलाय बिचारा, आणि बायको घोरली तर बारशाला आलेले पाहुणेही वर्षभर तेच सांगतात. कोणाकडे मुक्कामाला जायची पाळी आली की ती बाकीच्यांचा डोळा लागेपर्यंत भिंतीला टेकून जागी बसायची.

पोटभर झोपून उठलं तरी डोकं जड, तोंड कोरडं, डोळ्यांवर पापण्या जणू उसन्या आणून ठेवलेल्या. वयच झालं, असं ती स्वतःला सांगायची. फाटकाजवळच्या त्या सकाळी मात्र ते सांगणं फिकं पडलं.

मुलं शाळेत उतरली. तिने बस जागेवर लावली आणि थेट वाहतूक बघणाऱ्या साहेबांच्या खोलीत गेली.

"मला आजपासून बस देऊ नका," ती म्हणाली. "मी झोपले होते."

साहेब हसले. "डुलकी लागली असेल हो. कोणाला नाही लागत? माझी तर मीटिंगमध्ये लागते."

"तुमच्या मीटिंगला चाकं नसतात, साहेब. आणि तुमची नात माझ्याच बसमध्ये बसते."

साहेबांचं हसू विरलं. त्यांनी हात पुढे केला. तिने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. तिची बस दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याने चालवली. तिला शाळेच्या दाराशी उभं राहून मुलं चढवायचं-उतरवायचं काम मिळालं. मुलं विचारायची, "मावशी, तू खाली का?" ती म्हणायची, "पाय मोकळे करतेय."

घशाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार कमी बोलायच्या. झोपेची तपासणी झाली. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून एक रात्र दवाखान्यात निजवलं. मग बाईंनी आरसा हातात दिला आणि तोंड उघडायला लावलं. घशाच्या दोन्ही बाजूंना दोन गाठी, लिंबाएवढ्या, एकमेकींना टेकलेल्या.

"झोपेत तुमचा श्वास थांबतो," बाई म्हणाल्या. "दर दोन-तीन मिनिटांनी. मग मेंदू तुम्हाला ढोसून उठवतो. तुम्हाला कळत नाही, पण तुम्ही रात्रभर उठत असता. तुम्ही झोपतच नाही म्हणा ना."

आधी नाकावर लावायचं मशीन दिलं. त्याने तिचा जीव गुदमरायचा, ती झोपेत ते ओढून फेकायची. शेवटी ठरलं: टॉन्सिल काढायचे, पडजीभ थोडी छाटायची आणि सैल पडलेला टाळू मागून आवळून घ्यायचा.

"लहान मुलं चार दिवसांत खेळायला लागतात," बाईंनी स्पष्ट सांगितलं. "मोठ्यांचं तसं नसतं. दोन आठवडे फार दुखेल. आणि एक लक्षात ठेवा. दुसऱ्या आठवड्यात आतल्या खपल्या सुटतात. तेव्हा ताजं रक्त आलं, तर थोडं की फार असा हिशेब करत बसायचं नाही. निघायचं आणि इथे यायचं."

घरी सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "घोरण्यापायी कोणी नरडं कापून घेतं का? पोरांचे बाबासुद्धा घोरायचे. घर हलायचं. झोपेतच गेले, कुणाला त्रास नाही, काही नाही. पुण्यवान माणूस!"

सासूबाई असं बोलल्या की पुढे कोणी बोलत नसे. पण नवरा या वेळी बोलला. तो लिफ्टदुरुस्तीच्या कामाला होता. दिवसभर दोरांच्या आणि चाकांच्या संगतीत राहून मोजकं बोलायची सवय लागलेली. "आई, ती बस चालवते," एवढंच तो म्हणाला.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. शुद्धीवर आल्यावर पहिला आवंढा गिळला आणि तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. कोणीतरी घशात फुटक्या काचेचा चुरा ओतला होता. गिळलं की कळ कानात जायची. कान धरून ती उशीवर डोकं घुसळायची. आइसक्रीम मिळतं म्हणून टॉन्सिलवाल्यांचा हेवा करणाऱ्यांना एकदा ते गिळायला लावायला हवं, असं तिने नवऱ्याला पाटीवर लिहून दाखवलं. बोलायची बंदी होती. घरातली जुनी खडूची पाटी तिच्या गळ्यात, म्हणजे खरोखर गळ्यात, दोरीने अडकवलेली.

पाणी प्यायचंच, असं बाईंनी बजावलेलं. सासूबाई तासातासाला गार पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या राहायच्या. "पी. नाक दाब आणि पी. मी नाही हलणार इथून." कधी गार दूध, कधी चमचाचमचा मऊ भात. तो भातही नाकात जायचा, कारण आवळलेला टाळू अजून आपलं काम विसरलेला होता. घशात पांढरा बुरशीसारखा थर दिसायचा आणि तोंडाला असा वास यायचा की ती स्वतःच तोंड फिरवून झोपायची.

आणि नवरा? इतक्या वर्षांनी बिचाऱ्याला शांत झोप मिळेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ऑपरेशनच्या सुजेने थोडे दिवस घोरणं उलट वाढलं, मग एकदम कमी झालं. तर हा पठ्ठ्या तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचा, श्वास चालतोय का. ती फणकारून पाटीवर लिहायची: "जिवंत आहे. झोपू दे."

दुसरा आठवडा लागला. दुखणं ओसरायच्या ऐवजी चढलं. बाईंनी तेही सांगितलेलं होतं, पण सांगितलेलं आणि सोसलेलं यात फरक असतोच. त्या दिवशी दुपारी नवरा कामावर होता. नणंद दुपारपुरती सोबतीला आली होती. ती पलीकडच्या गल्लीत राहायची, कपड्यांच्या दुकानात होती. सासूबाई स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या.

बसमावशीने चमचाभर भात तोंडात घेतला. गिळताना आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. दुखलं नाही, उलट थोडं बरं वाटलं. मग जिभेवर गरम, खारट चव आली. ती उठून मोरीशी गेली आणि थुंकली.

लालभडक.

तिने गार पाण्याची चूळ भरली. पुन्हा लाल. तिसऱ्या चुळीलाही तेच, आता गुठळीसकट. रक्त घशात मागच्या बाजूने उतरत होतं, गिळलं की पोटात जात होतं. हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि नुसताच घरघर आवाज आला. तिने मोरीतलं पातेलं उचलून फरशीवर आपटलं.

नणंद धावत आली. मोरीकडे बघून तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. "आई! आई गं, इकडे ये!"

सासूबाई आल्या. त्या किंचाळल्या नाहीत. त्यांनी हातातलं फडकं टाकलं, बसमावशीला धरून स्टुलावर बसवलं आणि तिचं डोकं पुढे झुकवलं. "गिळू नकोस. थुंक. सगळं थुंक. बर्फ आण गं!"

नणंदेने भावाला फोन लावला. लागेना. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की त्याचा फोन मुका व्हायचा. अॅम्ब्युलन्सला लावला. पलीकडून कोणीतरी शांतपणे सांगितलं की गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, वेळ लागेल. किती? ते सांगता येत नाही.

खाली नवऱ्याची जुनी छोटी गाडी उभी होती. बसमावशीने खुंटीवरची किल्ली काढली आणि दाराकडे निघाली. तिच्या अंगवळणीच पडलं होतं ते. घरात कोणाला कुठे न्यायचं असेल तर किल्ली तिच्याच हातात यायची.

सासूबाईंनी तिच्या मुठीतून किल्ली सोडवून घेतली. "वेडी झालीस का? वाटेत चक्कर आली म्हणजे?" आणि वळून लेकीसमोर धरली. "तू चालव."

"मी? आई, मला नाही येत!"

"लायसन्स आहे ना तुझ्याकडे?"

लायसन्स होतं. ते कसं मिळालं तो वेगळा इतिहास. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा ती जेमतेम सुटली होती. शिकवायला बसमावशीच होती आणि शिकवताना तिने असा काही आवाज लावला होता की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. "क्लच! क्लच म्हणतेय मी, तुझं लक्ष कुठंय?" लायसन्स हातात आल्यावर नणंदेने ते पर्समध्ये ठेवलं आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.

आता ती चालकाच्या जागी बसली. बसमावशी शेजारी, मांडीवर पातेलं. सासूबाई मागे, बर्फाची पिशवी तिच्या मानेला लावून. गाडी सुरू झाली आणि बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. नणंदेच्या ओठांवर घाम आला. "नाही जमत मला, वहिनी. मी सांगत होते, नाही जमत."

बसमावशीचं तोंड रक्ताने भरलेलं होतं. ओरडायला आवाज नव्हता. असता तर ती नक्की ओरडली असती. तिने पातेल्यात थुंकलं, उजवा हात नणंदेच्या गिअरवरच्या हातावर ठेवला आणि नुसता दाबून धरला. मग बोटं हळूहळू वर उचलली. क्लच असा सोड. हळू. आणखी हळू.

गाडी सुरू झाली आणि निघाली.

गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना समोरून ट्रक आला. बसमावशीने डॅशबोर्डवर थाप मारली. नणंदेने ब्रेक दाबला. ट्रक गेला. तिने बोट पुढे केलं. गाडी पुढे सरकली. डावीकडे वळायचं तर तळवा डावीकडे. एक थाप म्हणजे थांब, बोट पुढे म्हणजे चल. दोघींनी असं काही ठरवलं नव्हतं, पण पहिल्या चौकानंतर नणंद तिच्या हाताकडे तिरप्या नजरेने बघतच गाडी चालवत होती. सिग्नलला मागच्याने हॉर्न मारला तशी ती पुन्हा घाबरली, गिअर अडकला. बसमावशीने मागे वळून त्या हॉर्नवाल्याकडे बघितलं. हनुवटीपर्यंत रक्त ओघळलेली बाई काचेतून आपल्याकडे बघतेय हे दिसल्यावर त्याचा हॉर्न गप्प झाला.

"बघ, गेला घाबरून," सासूबाई मागून म्हणाल्या. "चल तू. रस्त्याकडे बघ."

हातातलं पातेलं जड वाटू लागलं होतं. बसमावशीच्या कानात शिट्टी वाजत होती, दुकानांच्या पाट्या एकमेकींत मिसळत होत्या. तिला समजलं की आपण आता रस्ता दाखवायच्या अवस्थेत फार वेळ राहणार नाही. तिने पुढचा पूल ओळखला, पुलानंतरचं वळण हाताने दाखवलं, आणि मग हात मांडीवर पडला.

"वहिनी? वहिनी, हात! हात दाखव ना गं!"

"तिचा हात राहू दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी सुनेचं डोकं पुढे धरून ठेवलं होतं. "दवाखाना तुला माहीत नाही का? पोचव आम्हाला."

नणंदेने पोचवलं. दवाखान्याच्या पायरीवर पुढचं चाक चढवून गाडी थांबली, दिवे चालू, दार उघडं. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावला. डॉक्टरीणबाई जिन्यावरूनच उतरत आल्या. एका हाताने तोंडात दिवा धरत त्यांनी आत बघितलं आणि म्हणाल्या, "डावीकडून येतंय. थिएटर रिकामं करा. आत्ता."

बसमावशीला वर दिव्यांची रांग सरकताना दिसत होती. पोटात रक्त असताना भूल देणं धोक्याचं, असं कोणीतरी कोणाला सांगत होतं. कोणीतरी गळ्याच्या घाटीवर बोटांनी दाबलं. तिला एवढंच वाटलं की फाटकाजवळ आपल्याला उठवणाऱ्या त्या मुलीचं नाव आपण कधी नीट विचारलं नाही.

बाहेर बाकावर मायलेकी बसल्या. नवरा आला तेव्हा त्याच्या हातांना ग्रीस होतं आणि त्याला कुठे हात ठेवावा कळत नव्हतं. तो भिंतीशी उभाच राहिला. दार उघडायला बराच वेळ लागला. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "थांबलंय. शीर सुटली होती, डागून बंद केली. वेळेवर आणलंत. रक्त एक बाटली चढवावं लागेल." नणंद तिथेच फरशीवर बसली आणि हमसून रडली.

संध्याकाळी बसमावशीने डोळे उघडले तेव्हा पलंगाशी सासूबाई एकट्याच होत्या. नवऱ्याला त्यांनी खायला पिटाळलं होतं. त्यांनी सुनेचे ओठ ओल्या कापसाने पुसले. मग खिडकीकडे बघत बोलू लागल्या.

"पोरांच्या बाबांचं मी सगळ्यांना सांगते ना, झोपेत गेले म्हणून. तसं नव्हतं गं ते. त्यांचाही श्वास अडकायचा. घोरता घोरता एकदम गप्प व्हायचे. मी हलवायची, मग सुरू व्हायचा. इतकी वर्षं मी अर्ध्या झोपेत राहिले, एक हात त्यांच्या दंडावर ठेवून. त्या दिवशी घरात पाहुणे होते, काम फार पडलं. मला गाढ झोप लागली. सकाळी हात लावला तर..."

त्यांनी कापूस वाटीत टाकला.

"तुझं ऐकायला यायचं भिंतीपलीकडून. गप्प झालीस की मी उठून बसायची. तू परत सुरू झालीस की आडवी व्हायची. आणि तुला म्हणायची, नरडं कशाला कापतेस. डॉक्टरांनी हात लावला आणि तू उठलीच नाहीस तर, याची भीती वाटायची. दोन्हीकडून भीतीच."

बसमावशीला बोलायची बंदी होती. पाटी घरी राहिली होती. तिने सुई टोचलेला हात सावकाश उचलला आणि सासूबाईंच्या दंडावर ठेवला. सासूबाईंनी तो झटकला नाही. "हलवू नकोस तो हात, सुई निघेल," असं मात्र म्हणाल्या.

रक्त पुन्हा कधी आलं नाही. दुखणं जसं आलं तसं एका सकाळी निम्म्याने कमी झालं आणि मग जाणवेनासं झालं. महिनाभराने तिने पहिल्यांदा पोळीचा घास चावून खाल्ला आणि तो खाऊन होईपर्यंत घर तिच्याकडे बघत बसलं होतं. आवाज परत आला, पण थोडा बदलून, किंचित नाकातून. घाईत पाणी प्यायली तर अजूनही नाकात चढतं. घोरणं पुरतं गेलं नाही. थकली की बारीक घरघर होते. पण झोपेची तपासणी पुन्हा केली तेव्हा बाई पहिल्यांदाच दिलखुलास हसल्या. श्वास अडकायचा जवळजवळ थांबला होता.

तिचं स्वतःचं म्हणणं एवढंच की सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कळलं, सकाळ म्हणजे काय असते ते. डोकं हलकं. इतकं हलकं की पहिले काही दिवस तिला काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं.

नणंद आता गाडी चालवते. दुकानात येते-जाते, आईला नेते. बसमावशी शेजारी बसली तर अट एकच: तोंड उघडायचं नाही. "तुझा आवाज बंद होता म्हणून मला गाडी आली," असं ती चारचौघांत सांगते, आणि बसमावशी "बरं बाई" म्हणून गप्प राहते. हे गप्प राहणं तिला जड जातं, ते तिच्या जबड्यावरून दिसतं.

साहेबांनी डॉक्टरांचा दाखला दोनदा वाचला, मग स्वतः शेजारी बसून तिला दोन दिवस रिकामी बस चालवायला लावली. तिला राग आला नाही. त्यांच्या जागी तिनेही तेच केलं असतं. तिसऱ्या दिवशी मुलं चढली. बस फाटकाशी आली तेव्हा गाडी यायची होती, दांडे खाली होते. तिने इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, नजर दिव्यावर. मागे मुलांचा गोंधळ चालला होता. एकाने खिडकीबाहेर हात काढला. तिने तोंड उघडलं, घसा थोडा ओढल्यासारखा झाला, आणि नव्या, नाकातल्या आवाजात ती ओरडली, "खिडकीवाल्या, हात आत!"